व्हर्जिनियातला न पोहोचलेला कागद आणि अमेरिकेचा बंदुकीचा वाद

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लॅक्सबर्ग गावी, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या आवारात, तिथल्याच एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारले आणि शेवटी स्वतःचाही जीव घेतला. मृतांमध्ये वास्तुकलेच्या उच्च शिक्षणासाठी मुंबईहून गेलेली एक तरुणी होती आणि मूळचे तमिळनाडूचे असलेले अभियांत्रिकीचे एक प्राध्यापकही होते. त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी बरेच दिवस येत राहिली. बातमी ओसरली, तरी तिच्यातला एक तपशील माझ्या मनातून गेलेला नाही. मारेकऱ्याकडची दोन्ही पिस्तुले चोरीची नव्हती. ती त्याने परवानाधारक विक्रेत्यांकडून, अर्ज भरून आणि रीतसर तपासणी होऊन विकत घेतली होती. त्या काळी व्हर्जिनियात महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येत असे. दोन खरेद्यांमध्ये त्याने तेवढे अंतरही राखले होते.

ही खरेदी मुळात व्हायलाच नको होती. डिसेंबर २००५ मध्ये व्हर्जिनियातल्याच एका न्यायाधिकाऱ्याने, मानसिक आजारामुळे या तरुणाच्या हातून स्वतःच्या जिवाला धोका आहे असा निर्णय देऊन त्याला उपचार घेण्याचा आदेश दिला होता. असा निर्णय झालेल्या व्यक्तीला बंदूक विकण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे. परंतु त्याला रुग्णालयात दाखल न करता बाहेरून उपचार घेण्यास सांगितले असल्यामुळे, राज्याच्या तेव्हाच्या पद्धतीनुसार तो आदेश तपासणीच्या यादीत कळवलाच गेला नाही. विक्रेत्याने विचारणा केली, यादीत नाव आढळले नाही आणि पिस्तूल हाती पडले.

अशी प्रत्येक बातमी आली की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : एवढे होऊनही हे लोक बंदुकांवर बंदी का घालत नाहीत? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो आपल्या कायद्याच्या सवयीतून आलेला आहे. अमेरिकेतला खरा झगडा ‘बंदी घालावी की नाही’ यावर क्वचितच असतो. तो असतो न पोहोचलेल्या अशा कागदांवर, मुदतीच्या तीन दिवसांवर आणि विक्रीच्या एखाद्या न नोंदलेल्या प्रकारावर.

परवानगी आणि हक्क यांतला फरक

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगायची असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्याकडे किंवा शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. बंदूक कशासाठी हवी, हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. पोलीस चौकशी होते, अहवाल जातो आणि मग परवाना मिळतो किंवा मिळत नाही. कोकणात रानडुकरांपासून आणि माकडांपासून शेती-बागायत राखण्यासाठी पीकसंरक्षणाचा परवाना घेऊन ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, मग पीक कोणत्याही अवस्थेत असो. शेतकरी कुरकुरतो, पण बंदूक नेऊन देतो, कारण मुळात ती सरकारने दिलेली मुभा आहे हे त्याला ठाऊक असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हाही त्यावर फारसा गदारोळ झाला नाही.

अमेरिकेत ही मांडणी उलटी आहे. तिथे बंदूक का हवी, हे नागरिकाने सिद्ध करायचे नसते. ती का देऊ नये, हे सरकारने सिद्ध करायचे असते. आपल्याकडच्या जमिनीचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजेल. गायरानावर गुरे चारण्याची मुभा ग्रामपंचायत एका ठरावाने आवळू शकते. मात्र सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्या शेतातून रस्ता काढायचा असेल, तर सरकारला कायदा दाखवावा लागतो, सार्वजनिक कारण सांगावे लागते, मोबदला द्यावा लागतो आणि एवढे करूनही प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. आपल्याकडे बंदूक गायरानासारखी आहे, तर अमेरिकेत ती सातबारावर चढलेली आहे. सातबारावरच्या जमिनीलाही नियम लागू असतातच, पण प्रत्येक नियमाला सरकारकडून उत्तर मागता येते.

सत्तावीस शब्दांचे वाक्य

हा ‘सातबारा’ म्हणजे अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती. ती १७९१ साली संमत झाली आणि मूळ इंग्रजीत ती अवघ्या २७ शब्दांची आहे. तिचा आशय असा : स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया आवश्यक असल्याने, शस्त्रे बाळगण्याच्या आणि वागवण्याच्या जनतेच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही. मिलिशिया म्हणजे खडे सैन्य नव्हे. प्रसंग पडला की आपापली बंदूक घेऊन एकत्र येणाऱ्या सामान्य नागरिकांचे ते स्थानिक दल होते.

सगळा वाद या वाक्याच्या दोन भागांतल्या नात्याचा आहे. एका बाजूचे म्हणणे असे की पहिला भाग हे कारण आहे. तशी नागरिक-दले आता राहिलेली नाहीत, तेव्हा हक्कही त्या चौकटीपुरताच समजावा. दुसऱ्या बाजूच्या मते हक्क ‘जनतेचा’ आहे असे स्पष्ट लिहिलेले आहे आणि पहिला भाग केवळ प्रस्तावनेसारखा आहे. १९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने नळी कापून आखूड केलेल्या बंदुकीच्या प्रकरणात पहिल्या अर्थाकडे झुकणारा निकाल दिला आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे हा प्रश्न त्या न्यायालयात पुन्हा निर्णायकपणे सुटला नाही.

तो सुटला २६ जून २००८ रोजी. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ पासून घरात पिस्तूल ठेवण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी होती. तिला आव्हान देणारे हेलर हे गृहस्थ सरकारी इमारतीत सशस्त्र पहारेकरी होते. कामावर त्यांच्या कमरेला पिस्तूल असे, पण स्वतःच्या घरात ते ठेवण्याची त्यांना परवानगी नव्हती. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निर्णय दिला की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. एकाच न्यायाधीशाचे मत फिरले असते तर अमेरिकेचा कायदा आज वेगळा दिसला असता. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी असेही नोंदवले की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींत मनाई, विक्रीवरच्या अटी या गोष्टींवर हा निकाल शंका घेत नाही. या निकालाचा दाखला देणारे दोन्ही बाजूंचे लोक बहुधा आपल्या सोयीचा तेवढाच अर्धा भाग वाचून दाखवतात, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला.

२०१० मध्ये शिकागोच्या प्रकरणात हाच हक्क राज्यांना आणि शहरांनाही बंधनकारक ठरला. त्यानंतर २०२२ साली न्यूयॉर्कच्या प्रकरणात न्यायालयाने कसोटीच बदलली. पूर्वी न्यायाधीश एका पारड्यात हक्क आणि दुसऱ्यात लोकांची सुरक्षितता ठेवून तोलत असत. आता सरकारला दाखवावे लागते की आपला नियम त्या देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो. परिणामी आजच्या नियमाचा बचाव करण्यासाठी सरकारी वकिलांना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले कायदे धुंडाळावे लागतात. ज्या काळी घरातली मारहाण हा गुन्हाच मानला जात नव्हता, त्या काळात तशा मारहाणीबद्दल बंदूक काढून घेणारा कायदा कुठून सापडणार? हा प्रश्न २०२४ मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. ज्याच्यापासून जोडीदाराला धोका असल्याचा न्यायालयाचा आदेश आहे, त्याची बंदूक काढून घेणारा केंद्रीय कायदा वैध आहे का? न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा मतांनी तो वैध ठरवला आणि खुलासा केला की जुन्या काळचा हुबेहूब जोड कायदा सापडण्याची गरज नाही, तत्त्व जुळले तरी पुरे. माझ्या मते हा खुलासा अत्यंत आवश्यक होता, कारण दोन वर्षांत खालची न्यायालये एकाच प्रकारच्या नियमांवर परस्परविरोधी निकाल देऊ लागली होती.

दुकानाच्या काउंटरवर प्रत्यक्षात काय होते

अमेरिकेचा केंद्रीय कायदा एका दमात झालेला नाही. प्रत्येक थर कुठल्या तरी रक्तपातानंतर चढलेला आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर १९३४ साली मशीनगनसारख्या शस्त्रांवर २०० डॉलरचा कर आणि नोंदणी आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून टपालाने मागवलेल्या रायफलीने झाला होता. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर टपालाने होणारी आंतरराज्य विक्री बंद झाली आणि कोणाला बंदूक विकू नये याची यादी ठरली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी जायबंदी झाले. त्यांच्या नावाचा, खरेदीपूर्वी तपासणी सक्तीची करणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले.

आज परवानाधारक दुकानात गेलेला ग्राहक ओळखपत्र देतो आणि एक छापील अर्ज भरतो. तुम्हाला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, घरगुती हिंसाचारात दोषी ठरला आहात का, न्यायालयाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे का, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का, असे प्रश्न त्यात असतात आणि खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. विक्रेता ती माहिती एफबीआयच्या किंवा राज्याच्या यंत्रणेला कळवतो. तिकडून ‘विक्री करा’, ‘थांबा’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक उत्तर येते, आणि बहुतेक वेळा ते काही मिनिटांत येते.

पहिली फट ‘थांबा’ या उत्तरात आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत अंतिम उत्तर आले नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार विक्रेता बंदूक देऊ शकतो. जून २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरात एका चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या करणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते असेच. कागदपत्रांतल्या चुकीमुळे त्याची चौकशी वेळेत पुरी झाली नव्हती. दुसरी फट याहून मोठी आहे. तपासणीची केंद्रीय सक्ती परवानाधारक विक्रेत्याला आहे. जो विक्रीचा धंदा करत नाही, अशा खाजगी माणसाने आपली बंदूक ओळखीच्या किंवा अनोळखी माणसाला विकली तर अनेक राज्यांत ना तपासणी लागते ना कागद. आपल्याकडे जुनी स्कूटर विकतानाही आरटीओमध्ये नाव बदलावे लागते, नाहीतर उद्या अपघात झाला की पोलीस जुन्या मालकाच्या दारात येतात. तिकडे बंदुकीला तसे नावच नसते.

किंबहुना तसे नाव ठेवायला कायद्याने बंदी आहे. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करता येणार नाही, अशी तरतूद १९८६ च्या कायद्यात आहे. एखाद्या खुनात पिस्तूल सापडले की त्याच्या क्रमांकावरून आधी उत्पादक, मग घाऊक विक्रेता, मग दुकानदार अशी साखळी फोनवरून जुळवावी लागते. दुकान बंद पडले असेल तर त्याचे कागद वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रात जमा झालेले असतात आणि कर्मचारी त्या कागदांच्या प्रतिमा एकेक करून डोळ्यांनी पाहतात, कारण मालकाच्या नावाने संगणकावर शोध घेण्याची सोय ठेवण्यास मनाई आहे. एवढ्या पुढारलेल्या देशाचा पोलीस तपास अशा पद्धतीने चालतो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

पण नोंदीला एवढा विरोध का?

बंदुकीच्या हक्काचे समर्थक सगळेच माथेफिरू आहेत, असा समज करून घेतला तर हा वाद कधीच कळणार नाही. अमेरिकेतल्या साधारण तीनपैकी एका प्रौढाकडे स्वतःची बंदूक आहे. ग्रामीण भागात पोलिसांची गाडी पोहोचायला बराच वेळ लागतो आणि तिथे बंदूक हे शिकारीचे, जनावरे राखण्याचे आणि रात्रीच्या भरवशाचे साधन असते. शिवाय पोलीस वाचवतील हे गृहीत धरता येत नाही, असे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेच एका अर्थी सांगितले आहे. कोलोरॅडोतील एका आईकडे विभक्त पतीविरुद्ध संरक्षणाचा न्यायालयीन आदेश होता. पतीने तिच्या तीन मुलींना नेले, ती पोलिसांना वारंवार विनवत राहिली आणि अखेर तिन्ही मुली मारल्या गेल्या. २००५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की त्या आदेशाची पोलिसांकडून अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता. ज्याने हा निकाल वाचला आहे, त्याला ‘पोलीस आहेत ना, तुला बंदूक कशाला’ हे कोणत्या तोंडाने सांगावे?

सरकारवरचा अविश्वासही हवेतून आलेला नाही. यादवी युद्धानंतर १८६५ साली मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली आणि तो परवाना कोणाच्या हातात होता हे सांगायला नको. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन उघडपणे पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने तसे फिरण्यावर बंदी आणली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि आज बंदूकहक्काची सर्वांत प्रसिद्ध संघटना असलेल्या एनआरएने त्याला पाठिंबा दिला होता. न्यूयॉर्कचा जो कायदा २०२२ मध्ये रद्द झाला, त्यात पिस्तूल घेऊन बाहेर फिरण्यासाठी ‘योग्य कारण’ आहे की नाही हे अधिकारी ठरवत. गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या न्यूयॉर्कच्या वकिलांनीच त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात निवेदन दिले होते, कारण परवाना वजनदारांना मिळत होता आणि विनापरवाना पिस्तुलाबद्दल तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. आपल्याकडेही शस्त्रपरवाना कोणाला सहज मिळतो आणि कोणाला हेलपाटे घालावे लागतात, हे गावातल्या कोणालाही ठाऊक असते.

एनआरएचा प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. १८७१ मध्ये यादवी युद्धात लढलेल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी ती नेमबाजी सुधारण्यासाठी स्थापन केली आणि नंतर बराच काळ तिने काही निर्बंधांना संमतीही दिली. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या गटाने नेतृत्व ताब्यात घेतले आणि ‘आज नोंद, उद्या जप्ती’ हा तिचा मुख्य युक्तिवाद झाला. अलीकडे आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणांनी ही संघटना खिळखिळी झाली, परंतु तिने घडवलेला मतदार घरी बसलेला नाही.

मृत्यूंचे आकडे बातम्यांपेक्षा वेगळे का दिसतात?

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या आणि सुमारे १७,९०० खून. शाळेतला किंवा मॉलमधला गोळीबार जगभर दिसतो, पण अशा घटनांतले बळी एकूण मृत्यूंचा फार छोटा भाग असतात. ज्या खुनांत शस्त्राचा प्रकार नोंदलेला असतो, त्यांत पिस्तुलांचा वाटा प्रचंड आहे आणि सर्व प्रकारच्या रायफलींचा मिळून अगदी थोडा. तरीही चर्चा मात्र लष्करी धाटणीच्या रायफलींवर होते. १९९४ मध्ये त्यांच्यावर दहा वर्षांसाठी बंदी आली, २००४ मध्ये ती संपली आणि तिच्यामुळे एकूण मृत्यू किती घटले याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. या रायफली आणि त्यांची मोठी मॅगझिने (काडतुसे भरण्याचे कप्पे) एकेका हल्ल्याला अधिक भीषण करतात हे खरे, पण आत्महत्येच्या आकड्याकडे ज्याचे लक्ष नाही, त्याला या प्रश्नाचा निम्म्याहून मोठा भाग दिसलेलाच नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो की ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला याचे उत्तर शोधायला दूर जावे लागणार नाही. घराच्या कोपऱ्यात ठेवलेली कीटकनाशकाची बाटली आणि वाईट क्षण यांची गाठ पडली की काय होते, हे आपल्या गावांनी पाहिलेले आहे. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. माणसे दुःखी व्हायची थांबली नव्हती. तो क्षण टळेपर्यंत घातक वस्तू हाताशी नव्हती, एवढेच. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक मात्र मागे फिरायला जागाच ठेवत नाही. म्हणूनच बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवण्याची सक्ती करणारे, विशेषतः मुलांच्या हाती ती लागू नये यासाठीचे कायदे अल्पवयीनांच्या आत्महत्या आणि अपघात कमी करतात, याबाबतचा पुरावा या सगळ्या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी आहे. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ या वयोगटाच्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हे आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांना यातला एक भाग रोजच्या व्यवहारात भेटतो. मूल पहिल्यांदा मित्राच्या घरी खेळायला जायचे असते, आणि बालरोगतज्ज्ञांनी सुचवलेला प्रश्न त्या घरच्यांना फोनवर विचारायचा असतो : तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असेल तर ती कुलपात असते ना? मुलाला कशाची अॅलर्जी आहे, घरी कुत्रा आहे का, या चौकशीच्या ओघात हे विचारायचे असते. आपल्या भिडस्त स्वभावाला ते जड जाते, पण तिथे त्यात कोणी अपमान मानण्याचे कारण नाही.

गुन्हेगार कुठे कायदा पाळतात?

हा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. बेकायदा बंदूक जवळजवळ नेहमी कायदेशीर कारखान्यातून आणि कायदेशीर दुकानातूनच प्रवासाला निघते. वाटेत कुठे तरी ती हात बदलते. शिकागोचे उदाहरण वारंवार दिले जाते, की कडक कायदे असूनही तिथे खून होतात. परंतु शिकागोत सापडणाऱ्या बंदुकांपैकी मोठा वाटा इलिनॉय राज्याबाहेरून येतो आणि त्यात शेजारचे इंडियाना आघाडीवर आहे. एका जिल्ह्यात दारूबंदी केली आणि वेशीपलीकडे दुकाने उघडी ठेवली तर काय होते, ते चंद्रपूर आणि गडचिरोलीने अनुभवलेले आहे.

‘चांगल्या माणसाच्या हाती बंदूक असेल तर तो वाईट माणसाला रोखेल’ हा दुसरा युक्तिवाद. असे प्रसंग घडतात. ते किती घडतात याचे अंदाज मात्र वर्षाला ६०-७० हजारांपासून २५ लाखांपर्यंत पसरलेले आहेत, कारण सर्वेक्षणात प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलते. एवढ्या रुंद पट्ट्यावर कोणतेही धोरण उभे करता येणार नाही. आणि मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डी येथील प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा तिथे पावणेचारशेच्या आसपास सशस्त्र आणि प्रशिक्षित अधिकारी जमले होते, तरी मारेकऱ्यापर्यंत पोहोचायला त्यांना ७७ मिनिटे लागली.

ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला जातो, त्याचेही थोडक्यात उत्तर द्यायला हवे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेल्यावर त्या देशाने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. तिथे बंदुकीचा घटनात्मक हक्क नाही. अमेरिकेत नागरिकांच्या हाती २०१७ च्या अंदाजानुसार ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त, आणि त्या कोणाकडे आहेत याची यादी नाही.

बहुसंख्यांना हवे असूनही कायदा का होत नाही?

खाजगी विक्रीतही तपासणी असावी, असे दहापैकी आठ अमेरिकी सर्वेक्षणांत सांगतात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधील सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि सहा कर्मचारी मारले गेल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये या मुद्द्यावरच्या प्रस्तावाला सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, १०० पैकी ५४ मते मिळाली, पण प्रस्ताव पडला. सिनेटच्या रिवाजानुसार चर्चा संपवून मतदानाकडे जाण्यासाठी ६० मते लागतात. शिवाय प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्याने, सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचे वजन जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाएवढेच असते.

मात्र सगळा दोष सिनेटला देता येत नाही. २०१६ मध्ये हाच प्रश्न मेन आणि नेवाडा या राज्यांत थेट मतदारांसमोर गेला. मेनमध्ये तो फेटाळला गेला आणि नेवाडात एका टक्क्याहूनही कमी फरकाने संमत झाला. सर्वेक्षणात ‘हो’ म्हणणाऱ्याला हा विषय दहा विषयांपैकी एक वाटतो. ‘नाही’ म्हणणारा केवळ याच विषयावर मत देतो, उमेदवाराला फोन करतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ते लक्षात ठेवतो. जून २०२२ मध्ये युवाल्डीनंतर जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. त्यात २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक तपासणी आणि धोक्याची चिन्हे दिसणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणाऱ्या राज्य-योजनांना पैसा, अशा मर्यादित गोष्टीच होत्या. तो दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला, म्हणूनच तो मर्यादित राहिला.

पुन्हा व्हर्जिनिया

ब्लॅक्सबर्गनंतर दोनच आठवड्यांत व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी, बाहेरून उपचार घेण्याचे आदेशही तपासणीच्या यादीत कळवावेत, असा हुकूम काढला. जानेवारी २००८ मध्ये राज्यांनी असे कागद केंद्राकडे पाठवावेत यासाठी केंद्रीय कायदा झाला आणि त्याला एनआरएनेही पाठिंबा दिला होता. पण २०१२ मध्ये महिन्याला एक पिस्तुलाची मर्यादा राज्याने उठवली. मे २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीच येथे १२ जण मारले गेले, त्यानंतर बोलावलेले विधिमंडळाचे विशेष अधिवेशन दीड तासात गुंडाळले गेले आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी दोन्ही सभागृहांतली सत्ता बदलली. नव्या विधेयकांविरुद्ध राज्यातल्या शंभराहून अधिक स्थानिक संस्थांनी ठराव केले आणि २० जानेवारी २०२० रोजी रिचमंडच्या विधिमंडळाभोवती सुमारे २२ हजार लोक जमले, त्यांतले कित्येक खांद्याला रायफल लावून आलेले. मोर्चा शांततेत पार पडला आणि विधेयकेही संमत झाली.

१ जुलै २०२० रोजी व्हर्जिनियात दोन खाजगी व्यक्तींमधल्या बंदुकीच्या विक्रीलाही तपासणीची सक्ती लागू झाली आणि महिन्याला एक पिस्तूल ही मर्यादा परत आली. ब्लॅक्सबर्गहून वेस्ट व्हर्जिनियाची हद्द मोटारीने तासाभराच्या आत येते. तिथे यांपैकी एकही अट नाही.